विभागप्रमुखपदाचा कार्यभार घेण्याची शास्त्रोक्त पद्धत
(मावळ तालुक्यातील होतकरू प्राध्यापकांसाठी)

शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून ठोकून दिली, ते सगळे ३१ मे रोजी निवृत्त होतात. त्यामुळे लोणावळ्यात रसायनशास्त्र विभागाचा प्रमुख बदलणं आणि पाऊस येणं या दोन घटना साधारण एकाच पंधरवड्यात घडतात. पहिलीची तयारी वर्षभर चालते. दुसरीची कुणीच करत नाही.

१. पद नाकारणे. कार्यभार मिळण्याआधी निदान सहा महिने ‘मला यात अजिबात रस नाही, मला संशोधन करायचंय’ असं स्टाफरूममध्ये सांगत राहावं. ज्येष्ठता यादी मात्र तोंडपाठ असावी. आपल्या नेमणुकीची मान्यता कुणाच्या किती दिवस आधीची, हे झोपेतही सांगता आलं पाहिजे.

२. निरोप समारंभ. शाल आणि श्रीफळ. चिक्कीचा बॉक्स पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवावा. गावातला माणूस तो हसत हसत परत करतो. भाषणात ‘सरांचं मार्गदर्शन आम्हाला यापुढेही लाभत राहो’ हे वाक्य टाळावं, कारण सर ते मनावर घेतात. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, घाट चढवून देतात आणि लोणावळ्यात सुटी होतात. काही माजी प्रमुख मात्र थेट पुण्यापर्यंत ढकलत येतात.

३. डेड स्टॉक रजिस्टर. खरा कार्यभार हाच. यात प्रिझम नसलेला स्पेक्ट्रोमीटर, बुरशी धरलेल्या भिंगांचे सूक्ष्मदर्शक आणि ‘किप्स अपॅरेटस, तुटलेला, नग २’ अशा नोंदी सापडतील. हे निकाली काढायचं तर निर्लेखन समिती लागते. समिती नेमलेली असतेच. तिचे बहुतेक सदस्य निवृत्त झालेले असतात. म्हणून वस्तू न पाहता सही करावी. आपल्या आधीच्यांनी तेच केलं आणि त्यांच्या आधीच्यांनीही.

४. परिवर्तन. ते पहिल्या आठवड्यातच दिसायला हवं. टेबलाची दिशा बदलावी, नामफलक नवा करावा, ध्येय आणि उद्दिष्टांचा बोर्ड पुन्हा रंगवावा. नॅकच्या समितीला तो दिसतो. जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून सरांना काढणं बरं दिसत नाही, म्हणून ‘रसायन विभाग नवीन’ असा ग्रुप काढावा. कुणीतरी सरांना त्यातही घेतं. मग ‘रसायन विभाग फायनल’ काढावा. विद्यापीठाचं नाव २०१४ साली बदललं, तरी जुन्या नावाच्या लेटरहेडचे गठ्ठे कपाटात पडून असतील. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर नव्या धोरणाची टिपणं काढावीत.

५. किल्ल्या. त्या प्रयोगशाळेतल्या मामांकडे असतात. इथे नव्या मॅडमनी अधिकारवाणीने बोलून पाहावं.

‘मामा, उद्यापासून सगळं नव्या पद्धतीनं करायचं.’

‘हो मॅडम. फक्त वजनकाट्याच्या खोलीची खिडकी उघडू नका. मागच्या सरांनी पण पहिल्याच दिवशी उघडली होती.’

लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत कॉस्टिक सोड्याची बाटली जराशी उघडी राहिली की आतल्या गोळ्या ओल धरून पाघळतात आणि काट्यावरचा शेवटचा आकडा जागेवर थांबत नाही. डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल गुलाबी झालं, की मामा न सांगता ते ओव्हनमध्ये टाकून पुन्हा निळं करतात. हे कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही.

६. टाळावयाची उदाहरणं. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी २००३ मध्ये पद सोडलं, नरेश दधीच आले, आणि संस्था चालत राहिली. अशा गोष्टी विभागात चर्चेला घेऊ नयेत. वेळेवर खुर्ची सोडायची सवय लागते. लोणावळ्यातलं उदाहरण तर आणखी अडचणीचं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं, योगाभ्यास उपकरणांनी मोजायला घेतला आणि त्याच वर्षी निष्कर्ष छापायला ‘योगमीमांसा’ही सुरू केलं. १९६६ मध्ये ते गेले, पण काम कागदावर होतं, म्हणून पुढच्यांना ते हाती घेता आलं. आपल्याकडे प्रमुख गेले की त्यांच्याबरोबर ओव्हनचं खरं तापमानही जातं.

तेव्हा शेवटची सूचना, आणि ही थट्टा नव्हे. निवृत्त होणाऱ्यांनी भाषण पाच मिनिटांनी आवरतं घ्यावं आणि दोन पानं लिहून ठेवावीत: कोणतं यंत्र कसं वागतं, दुरुस्तीला कोण येतो, पावसाआधी काय झाकायचं. नव्यांनी टेबल फिरवण्याआधी ती वाचावीत, आणि उरलेलं मामांना विचारून त्याच वहीत उतरवावं. मामांची निवृत्तीची तारीखही बघून ठेवा. विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसायला कुणी ना कुणी मिळतंच. मामांच्या जागी नवा माणूस मिळेल, याची हमी आज कोणतंही महाविद्यालय देत नाही.