पद्मिनीचा कप्पा

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून निवृत्त झाली आणि कालची खटारा एकदम ‘क्लासिक’ ठरली. तिचा ग्लोव्ह बॉक्स नावापुरता हातमोज्यांचा. मुंबईच्या उकाड्यात त्यात हातमोजे सोडून सगळे सापडते: विम्याचे जुने कागद, कागदासकट वितळलेल्या गोळ्या, सेल संपलेला टॉर्च. खटका बिघडला की खड्ड्यागणिक हा ऐवज शेजारच्याच्या मांडीवर येतो. सर्वमान्य उपाय म्हणजे फटीत दुमडलेला पुठ्ठा.

दोष बहुधा खटक्यात नसतोच. बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, झाकण केसभर उतरते आणि खटक्याची जीभ समोरच्या पट्टीत अडकत नाही. म्हणून आधी स्क्रू आवळावेत. मग जिभेला खडू फासून झाकण लावावे. ती कुठे टेकते ते खुणेवरून कळते. त्यानुसार पट्टी किंचित सरकवावी किंवा वाकवावी. स्प्रिंग मेली असेल तरच खटका बदलावा. कुलपात तेल नको, धूळ धरते; ग्राफाइटची पूड चालते.

हौशी मालक मात्र ‘ओरिजिनल’ खटक्यासाठी आधी जुना बाजार पालथा घालतो. तो मिळतो, बसतो, आणि बिजागरी तशीच ढिली असल्याने झाकण पुन्हा उघडते. पुठ्ठा सुदैवाने फेकलेला नसतो.