आईला आणलंय का?

चाळिशीत ऑटिझमची तपासणी करायला गेलं, की पहिला प्रश्न, "आईला आणलंय का?" लक्षणं लहानपणापासून हवीत, हे शास्त्र रास्तच. पण मातोश्री ठणकावतात, "छे! गुणी पोर. तासन्‌तास एकटाच रेल्वेचं वेळापत्रक वाचायचा." मग 'इसा' ही भारतीय मापनश्रेणी: ४० मुद्दे, ७०च्या खाली गुण म्हणजे ऑटिझम नाही. नजरेला नजर द्यायचा जन्मभर सराव केलेला माणूस नेमका इथेच नापास! २०१६च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, वयाची अट नाही. प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्या मात्र गुडघ्याएवढ्या. नातेवाइकांचं निदान तयारच, तेही फुकट: "लग्न करून द्या, होईल सरळ." लग्नाला बारा वर्षं झालीत, ही बारीक बाब कोण लक्षात घेतो? बायको घेते म्हणा. तपासणीची वेळ तिनंच ठरवली होती.