चोकचं बटण

इंजिन मिळतं. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स, दारं, डिकीचं झाकण, चिकाटी धरली तर मुंबईत कुठे ना कुठे हाती लागतंच. मिळत नाही ते चोकचं बटण. डॅशबोर्डावरचं, थंडीत सकाळी बाहेर ओढायचं आणि इंजिन तापलं की आत ढकलायचं, एवढंसं काळं बटण. तेही कंपनीचं हवं, असं म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या चपलांकडे.

याला कारण आहे, आणि ते भंगाराच्या अर्थशास्त्रात आहे. भंगार किलोवर विकलं जातं आणि बटणाला वजन नसतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवलेली. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ऑक्टोबर २०२३ संपताना तीही रस्त्यावरून उतरली. त्याआधी कित्येक वर्षं या गाड्या ओळीने तोडायला जात होत्या. इंजिन वेगळं काढलं जायचं, पत्रा वेगळा, आणि डॅशबोर्डावर घाव बसला की बटणं झाडलोटीत जायची. शिवाय टॅक्सीवाल्यांनी ती आधीच बदललेली. कोणी तिथे मिक्सरची चकती बसवली होती, कोणी बाटलीचं बूच. गाडी ओढायची तर चोक ओढला गेला पाहिजे, तो कशाने ओढला हे मीटरला कळत नाही.

शोधायला जायचं ते कुर्ल्यालाच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० निघाली, १९६४ पासून डिलाइट, आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने तीच गाडी. कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत, आणि तिथून जवळच, सीएसटी रोडला, जुन्या गाड्या सुट्या करून विकणारी दुकानं. गाडी जिथे जोडली गेली तिथेच मोडली गेली, मध्ये फक्त काही लाख किलोमीटर.

तिथल्या एका चाचांनी माझ्यासमोर डबाभर बटणं ओतली. “असली है सेठ, गाडीसे उतारा है.” गाडीतूनच उतरवलेली होती हे खरं, फक्त ती गाडी मारुती होती. मी तसं म्हणालो तेव्हा ते दुखावले नाहीत. “लग जाएगा,” म्हणाले. या शब्दांवर आपला देश चालतो. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

परदेशातल्या एका स्नेह्याने सुचवलं, इटलीहून मागव. तिकडे या गाडीच्या मूळ आवृत्तीचे शौकीन आहेत, हुबेहूब भाग करून विकतात. मी बराच विचार केला. ट्युरिनचं बटण म्हणजे मुळाच्याही मुळाचं. पण माझी गाडी कुर्ल्याची. तिला इटालियन बटण लावणं म्हणजे अस्सलपणात तिच्यापेक्षाही पुढे जाणं, आणि इतकं अस्सल मला परवडणारं नव्हतं. पैशाने तर नव्हतंच.

तेव्हा माझंच फुटकं बटण दुरुस्त करायचं ठरवलं. या बटणांच्या पोटात धातूची नळी असते. प्लास्टिक वर्षानुवर्षं आक्रसतं, धातू आक्रसत नाही, आणि बरोबर त्या नळीवर तडा जातो. तो तडा आधी करवतीच्या पात्याने मुद्दाम रुंद करायचा, यालाच बहुतेकांची छाती होत नाही. मग साबणाने तेलकटपणा काढायचा (थिनर वापरलं तर बटण विरघळतं), त्यात सावकाश सुकणारं अ‍ॅराल्डाइट जरा जास्तच भरायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. नंतर कानस, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, चारशे, आठशे, बाराशे नंबर. इथवर सोपं आहे. पंचाईत रंगाची. दुकानातला काळा हा नव्या छत्रीचा काळा असतो. डॅशबोर्डावरची बाकीची बटणं पाच पावसाळे पाहिलेल्या छत्रीची. मी काळ्यात तपकिरी मिसळत बसलो तेव्हा बायको म्हणाली, “नवीन वस्तू जुनी दिसावी म्हणून एवढे कष्ट? माझ्याकडे बघा, फुकटात जमलंय.”

गिअरचं मात्र वेगळं झालं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढे सलग सीट बसते, आणि त्या सीटवर ड्रायव्हरशेजारी आणखी दोघं. त्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांचे सांधे आहेत, त्यातले बुश झिजले की दांडा सैल होतो आणि न्यूट्रल हा अनुभवाचा नसून श्रद्धेचा विषय बनतो. लेथवाल्या मिस्त्रींनी मोजमाप घेऊन नवे बुश करून दिले. “साहेब, पितळेचे केलेत. गाडी जाईल, हे राहतील.” कंपनीचे पितळेचे नव्हते. पण मी मुकाट्याने बसवून घेतले, कारण ते बॉनेटखाली असतात आणि पाहुण्याला दिसत नाहीत. माझ्या ओळखीच्या सगळ्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांची शुद्धता अशीच नजरेपुरती असते. एकाच्या दिसायला तंतोतंत रेडिओच्या पोटात ब्लूटूथ आहे.

बटण बसलं. शेजारच्या वायपरच्या बटणालाही तडा दिसू लागला, तेव्हा दुरुस्त केलेल्याचा सिलिकॉनमध्ये साचा घेतला आणि रेझिनची चारसहा ओतून ठेवली, अडीनडीला. त्यातलं एक खिशात टाकून पुन्हा कुर्ल्याला गेलो, क्वार्टर ग्लासच्या खिट्टीसाठी. चाचांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, नखाने खरवडलं, चष्मा वर केला.

“कितने है आपके पास?”

मी सांगितलं.

“सब ले आओ. बस, थोडा और घिस देना. एकदम साफ रहेगा तो लोग असली नहीं मानते.”

भाव त्यांनी चांगला सांगितला आहे. मी अजून हो म्हणालेलो नाही, पण बाराशे नंबरचा पेपर संपला होता, तो आणून ठेवला आहे.