दीड गुंठा आणि एक चटई

शासनाच्या मराठीला लोक उगाच नावं ठेवतात. बोजड आहे, कळत नाही, वगैरे. माझा अनुभव उलटा आहे. घर बांधायला निघालेल्या माणसाच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय, हे ती पहिल्या पानापासून स्वच्छ सांगत असते. सही कुठे करायची ते शोधण्याच्या नादात आपणच वाचत नाही. बांधून झालेल्या घरात राहायला जाण्याच्या दाखल्याला तिने 'भोगवटा प्रमाणपत्र' असं नाव दिलंय. आता यात भोग आहेत, हे लपवलंय का कुणी? 'मानीव परवानगी' घ्या. म्हणजे परवानगी आलेली नाही, पण आली असं मानायचं. नवसाला पावणाऱ्या देवाबद्दलही आपण याहून जास्त काही म्हणत नाही.

गेले आठ महिने मी ही भाषा मन लावून वाचतोय, कारण आमच्या गावच्या नगरपरिषदेत मी बांधकाम परवानगीचा अर्ज केलाय. त्या जोरावर इच्छुकांना थोडं मार्गदर्शन करावं म्हणतो.

पहिली गोष्ट. 'मला घर बांधायचंय' असं कुठेही लिहू नका. तुम्हाला 'विकास' करायचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली जो अर्ज होतो, तो विकासासाठी होतो. या कायद्याने विकासाची व्याख्या फार मोठ्या मनाने केली आहे. जमिनीवर बांधणं विकास, जमिनीखाली खणणं विकास, जागेचा वापर बदलणं विकास, जमिनीचे प्लॉट पाडणं विकास आणि उभी इमारत पाडणं हाही विकासच. निवडणुकीच्या सभांमधल्या विकासाचा अर्थ लागत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी एकदा कलम २ चाळावं. सगळा अर्थ लागतो.

आमचा प्लॉट दीड गुंठ्याचा. मंजूर लेआउटमधला, एनए झालेला, सातबाऱ्यावर माझं नाव बरोबर लिहिलेला. (हे शेवटचं सांगताना माझा ऊर भरून येतो. ज्यांना कारण विचारावंसं वाटेल त्यांनी अजून जमीन घेतलेली नाही.) गुंठ्याचा हिशेब आपल्याकडे पोराटोरांना पाठ असतो: तेहतीस बाय तेहतीस फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. पण जमीन आपण गुंठ्यात घेतो, घर चौरस फुटांत सांगतो आणि परवानगी चौरस मीटरमध्ये मागतो. माझं सगळं रामायण या शेवटच्या मीटरमध्ये आहे.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि इतर काही मोजके भाग सोडून साऱ्या राज्याला एकच नियमावली आली. 'एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली'. लगाम आणि टाच एकाच घोड्याला एकाच वेळी. तरी खोटं का बोला, तिच्यात लहान माणसासाठी चांगली सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल तर मंजुरीची वाट बघायची नाही. नकाशा आणि कागद द्यायचे, शुल्क भरायचं, पावती हीच परवानगी. प्लॉट १५० ते ३०० मधला असेल तर परवानाधारक आर्किटेक्टच्या जबाबदारीवर दहा दिवसांत काम.

दीड गुंठा म्हणजे १५१.७६ चौरस मीटर. मी तीनदा गुणाकार केला, मग मुलीकडून मोबाइलवर करून घेतला. मोबाइलही खात्याला सामील निघाला. जास्तीचे १.७६ चौरस मीटर म्हणजे साधारण सहा फूट बाय तीन फुटांची एक चटई आणि वर बोटभर किनार. त्या चटईने मला पावतीच्या रांगेतून उचलून फायलीच्या रांगेत नेऊन बसवलं.

आणि योगायोग बघा, खात्यात शब्दही तोच चालतो. प्लॉटवर सगळे मजले मिळून किती बांधता येईल, त्या प्रमाणाला जग एफएसआय म्हणतं आणि शासन 'चटई क्षेत्र निर्देशांक'. प्लॉट शंभराचा आणि निर्देशांक १.१ असेल, तर एकशे दहा चौरस मीटरच्या चटया अंथरायला मोकळीक. पुढे प्रीमियम भरला की आणखी चटई विकत मिळते. टीडीआर घेतला तर दुसऱ्याच्या जागेवरची चटई आपल्या डोक्यावर अंथरता येते. चटई देण्याची सोय एवढी दांडगी, तर परत घेण्याची का नसावी, असा माझा भाबडा प्रश्न होता. तो घेऊन मी टीपीत गेलो. (नगररचना विभागाला सगळे टीपीच म्हणतात.)

"साहेब, ही एवढी पट्टी मी रस्त्याला सोडतो. फुकट. लिहून देतो."

"वा! मोजणी आणा."

"कसली?"

"पट्टीची. पोटहिस्सा पडेल ना. मग फेरफार. मग लेआउट सुधारून घ्यावा लागेल. जमिनीचे तुकडे पाडणं म्हणजे विकास झाला, काका."

"म्हणजे अर्ज?"

"कलम ४४," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. एकच.

असो. आपण नकाशाकडे वळू. प्लॉटच्या चारी बाजूंनी जी जागा मोकळी सोडायची तिला 'सामासिक अंतर' म्हणतात. शाळेत मास्तर वहीला समास सोडायला लावायचे, तोच हा समास. माझ्या वहीची पानंच लहान आहेत. चारी बाजूंचे समास सोडून जे उरलं त्यात आर्किटेक्टने एक हॉल, स्वयंपाकघर, एक खोली आणि जिना असा मजकूर बसवलाय. बायकोने देवघर कुठे विचारलं, तर म्हणाला, "काकू, ते समासात येतंय." देवाची आणि नियमावलीची त्यावरून अजून बोलणी चालू आहेत.

नकाशाला रंग ठरलेले असतात. नवीन बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरक्या रेघांनी, असलेला रस्ता हिरवा, सांडपाण्याची लाइन लाल ठिपक्यांची, पिण्याच्या पाण्याची काळ्या ठिपक्यांची. मोकळ्या जागेला रंग नाही. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याला आमचं गाव माहीत असावं. आमच्या रस्त्यावर खरोखरच गवत आहे आणि पिण्याच्या पाण्याची लाइन ठिपक्याठिपक्यानेच वाहते.

आता हे सगळं कॉम्प्युटर तपासतो. त्याला रेघ दिसत नाही, रेघ कुठल्या लेयरवर आहे ते दिसतं. आमच्या बाथरूमची एक भिंत चुकून झाडांच्या लेयरवर निघाली होती. अहवाल आला की प्लॉटवर सात फूट लांबीचं एक झाड दाखवलेलं असून बाथरूमला तीनच भिंती आहेत. झाड म्हटल्यावर वृक्षाची ना-हरकत आली. तो तर १९७५ पासूनचा कायदा आहे आणि चांगला आहे. भिंतीला मात्र तो लावायची वेळ पहिल्यांदाच आली असावी.

ना-हरकत या शब्दावर खरं म्हणजे वेगळा लेख व्हायला हवा. मराठी माणूस दिवसातून वीस वेळा 'हरकत नाही' म्हणतो. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. जावई उशिरा आला, हरकत नाही. तेच दोन शब्द उलटे करून, मध्ये आडवी रेघ मारून लेटरहेडवर घ्यायला गेलं की सगळ्यांची वाचा बसते. आगीची, पाण्याची, ड्रेनेजची, विमानतळ जवळ असेल तर उंचीची, पुरातन स्मारक जवळ असेल तर त्याची. माझ्या मजकुराला यातल्या निम्म्या लागतच नाहीत. पण लागत नाहीत असं कुणी लेखी देईना.

पैशांचं लवकर उरकतो. विकास शुल्क समजण्यासारखं आहे. कामगार कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर असतो, तोही द्यावा. विटा वाहणाऱ्या बाईपर्यंत त्यातला किती पोहोचतो हे विचारत बसलो तर घर राहायचं. मला आवडतं ते छाननी शुल्क. आपल्याच अर्जातल्या चुका शोधून काढण्याची मजुरी आपण आगाऊ भरायची. हुंड्याच्या जमान्यातही मुलीकडच्यांना नकाराचे पैसे पडत नसत.

आणि चुका निघतात. त्यांना 'त्रुटी' म्हणतात, आपण करायची ती 'पूर्तता'. माझ्या दहा दिवसांतल्या नवव्या दिवशी पहिलं पत्र आलं: 'नकाशात उत्तर दर्शविलेले नाही.' मी कारकुनी डोक्याचा माणूस. ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय तो प्रश्न मी पत्रात शोधला, सापडला नाही. तेव्हा 'आपल्या पत्राचे उत्तर सोबत जोडले आहे' असं लिहून पाठवलं. त्यावर दुसरं पत्र: 'जोडलेल्या उत्तरात उत्तर नाही.' मग मात्र मी घाबरलो आणि आर्किटेक्टला गाठलं. तो पोट धरून हसला. "काका, उत्तर दिशा! बाण राहिलाय बाण!" बाण काढला. तिसरं पत्र आलं की आता आवकची तारीख बदलली असल्याने दहा दिवस नव्याने मोजावेत.

मोठ्या कायद्यातही असंच आहे, फक्त ऐटीत. कलम ४५ म्हणतं, साठ दिवसांत काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानावं. हीच ती मानीव. मात्र साठ दिवस मोजायचे ते अर्जापासून किंवा त्यांनी विचारलेल्या माहितीचं तुम्ही उत्तर दिल्यापासून, यांतलं जे नंतरचं असेल तिथून. शिवाय प्रस्ताव नियमांत चोख बसलेला हवा. एकोणसाठाव्या दिवशी एक बाण विचारला की झालं. उत्तर द्या, आणि पुन्हा एकपासून.

मुंबईची तऱ्हा याहून न्यारी. तिथे १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४६ खाली पहिला कागद मिळतो तो आयओडी. पूर्ण नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नामंजुरीची सूचना. अमुक अटी पुऱ्या होईपर्यंत तुमचा प्रस्ताव नामंजूर आहे, असं त्यात सांगितलेलं असतं. आमच्या मेहुण्याच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अकरा वर्षं रखडलेलं. परवा त्याचा फोन आला, "भाऊजी, आयओडी आली!" आणि पेढे पाठवले. नामंजुरीचे पेढे खाणारं दुसरं शहर जगात असेल असं वाटत नाही.

आता शेजाऱ्याबद्दल. आमच्या प्लॉटच्या मागे गुंठेवारी आहे. तिथल्या तरुणाने २०१८ मध्ये दोन मजले बांधले. कुणालाही न विचारता, समास न सोडता, भराभर. त्याची वरची गॅलरी माझ्या हद्दीत हातभर आत आलेली आहे. ती सुबक आहे हे मान्य करायला हवं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला २००१ मध्ये, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांसाठी. २०२१ मध्ये ती तारीख सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली. वीस वर्षं एका उडीत. त्याखेरीज २०१७ मध्ये १९६६ च्या मूळ कायद्यात कलम ५२-क घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांचं 'प्रशमन' करायची वाट काढली. प्रशमन म्हणजे शांत करणं. शुल्क भरलं की बांधकाम शांत होतं. ज्याने विचारलं त्याचे दहा दिवस महिनोन्‌महिने संपत नाहीत आणि ज्याने विचारलं नाही त्याच्यासाठी वीस वर्षं एका दिवसात सरकतात, हे गणित मी त्या पोरासमोर मांडलं. तो गॅलरीच्या कठड्यावर रेलून ऐकत होता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही आधी विचारलंत. तिथंच फसलात."

त्याचा मला राग येत नाही. त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, आता आहे. राग येतो तो वेगळ्याच ठिकाणी. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्यावर महारेराची नोंदणी मिळवली गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. ते बनावट कागद मी पाहिलेले नाहीत. पण त्यांवर उत्तरेचा बाण चोख असणार, आणि नवव्या दिवशी त्यांना कुणी त्रुटी काढली नव्हती, एवढं पैजेवर सांगतो. त्यातल्या घरांत कर्ज काढून राहायला आलेल्यांनी काय वेगळं करायचं होतं? त्यांनी कागद मागितला, कागद मिळाला, कागदावर शिक्का होता. माझ्या अर्जात भिंतीचं झाड झालेलं ज्या यंत्रणेला दिसतं, तिला ६५ इमारती दिसत नाहीत. आणि पाडणं हाही कायद्याने विकासच असतो, हे त्या बायाबापड्यांना कुणी समजावायचं?

माझी परवानगी मागच्या मंगळवारी आली. एक वर्षाची. तेवढ्यात नाही झालं तर मुदतवाढीचा अर्ज. काम सुरू झालं की जोत्यापर्यंत आणून थांबायचं, जोतं तपासून घ्यायचं, मग पुढे चढायचं. सगळं संपल्यावर भोगवटा.

रविवारी आम्ही दोघं प्लॉटवर गेलो. हिने डबा आणि थर्मास घेतला होता, बसायला घरातली चटई. टेपने मोजली, सहा बाय तीनच भरली. ती प्लॉटच्या बरोबर मधोमध, हॉल येणार आहे तिथे अंथरून आम्ही चहा ओतला. वरून आवाज आला.

"काका, काकू, बसलात होय? भोगवटा मिळाला का?"

हिने त्याला पोहे खायला खाली बोलावलं. तो येईपर्यंत ऊन चढलं. प्लॉटवर सावली म्हणून एवढीशीच, मागच्या बाजूला, त्याच्या गॅलरीखाली. आम्ही चटई ओढत तिथे नेली.