कचऱ्याचे पैसे : नव्या बिऱ्हाडकरूंसाठी प्राथमिक पाठ

पुण्यात नवं बिऱ्हाड थाटलंत, अभिनंदन. महिन्याच्या सुरुवातीला सकाळी बेल वाजेल आणि दारात कचऱ्याच्या ताई उभ्या असतील. घाबरायचं नाही. आधी भुवया उंचावायच्या. "कचऱ्याचे वेगळे पैसे? आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरतो की!" हे वाक्य भाडेकरूंनीही बिनदिक्कत वापरावं.

ताई सांगतील, की त्या 'स्वच्छ'च्या. महापालिकेचा पगार नाही. घरटी मिळणारे पैसे आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार, एवढीच कमाई. हे खरंच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 सालची. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार जाऊ लागली. केंद्राच्या 2016 च्या नियमांतही कचरा करणाऱ्याने शुल्क द्यावं असं लिहिलेलं होतं. पण नवशिक्याने फार माहिती करून घेऊ नये, हात सैल सुटतो. "सुट्टे नाहीत, पुढच्या महिन्यात एकदम देते," म्हणून दार लोटावं. "आम्ही दोघंच, कचरा होतो कितीसा?" हेही चालतं, फक्त मागे रात्रीच्या पार्सलचे डबे दिसणार नाहीत असं उभं राहावं.

आता वर्गीकरण. ओला वेगळा, सुका वेगळा. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ताईंना ते न उघडता कळतं. पण घरात लाल पेन कुठे असतो? तेव्हा सगळं एकाच पिशवीत भरून गाठ मारावी. मग ताई जिन्याखाली बसून ती गाठ सोडतात, चहाचा चोथा, केस आणि डाळीचं पाणी यांतून दुधाची पिशवी ओढून काढतात, निथळवतात, बाजूला ठेवतात. फुटक्या कपाची काच बोटात गेली, तर "अहो, हातमोजे का नाही घालत?" असं कळवळून विचारावं. कळवळ्याला शुल्क नाही.

सराव झाला की रद्दी, पुठ्ठे, बाटल्या स्वतःच विकाव्यात. रद्दीवाल्याचा काटा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा.

मुंबईकरांचा अभ्यासक्रम निराळा. तिथल्या महापालिकेने 2025 मध्ये मसुदा काढला : 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, 300 पर्यंत 500, त्यापुढे 1000. ज्यांनी सोयरिकी जुळवताना फ्लॅट फुगवून सांगितला, त्यांनी आता तो आकसून सांगायला शिकावं.

आणि एक पैसाही द्यायचा नसेल, तर रात्री साडेदहानंतर स्कूटर न थांबवता पिशवी नाक्यावर भिरकवावी. निघण्यापूर्वी तेवढी आत आपल्या नावाची कुरिअरची पाकिटं राहिली नाहीत ना, ते बघावं. दंड करणारे पिशव्या उघडून वाचतात.