बंदूक त्याची, खांदा माझा

"वहिनी, ओहायोहून कधी आलात? आणि खांद्याला काय हो, मूव्हचा वास येतोय!"

"अगं, जावयाच्या मित्राचं शेत आहे तिकडे. रविवारी चार मंडळी जमतात, तबकड्यांवर बारा बोअर चालवतात. मला बंदूक नको म्हटलं, तर म्हणे, मावशी, तुम्ही फेका!"

"हाताने? टीव्हीवर तर मशीनमधून सुटतात."

"हौशी कामाला मशीन कुठून आणायचं? प्लॅस्टिकचा दांडा असतो, टोकाला खोबण. त्यात तबकडी बसवायची, नेमबाज 'पुल' ओरडला की आडव्या हाताने झटकायची. बशीपेक्षा लहान, 108 मिलिमीटरची, शंभरेक ग्रॅम वजन. पण जोराचं काम नाही, मनगटाचं. कडेवरून घरंगळत सुटली की गिरकी घेते आणि तरंगत जाते. गिरकी नसली तर भेलकांडून समोरच आपटते. जावईबापूंची तर पहिली थेट मागे, गाड्यांकडे!"

"अगंबाई! आणि तुम्ही कुठे उभ्या?"

"बाजूला, जरा मागे. बंदुकीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, आणि समोर तीनशे यार्ड तरी मोकळं रान हवं. छर्रे कुठवर जातील सांगता येत नाही. पण सांगू? नेम लागला की टाळ्या त्याला. तबकडी सरळ सोडली कोणी, ते कोण विचारतंय!"

"मातीच्याच ना त्या?"

"आता कसली माती! चुनखडीची पूड आणि डांबरासारखं काहीतरी. सिनसिनाटीच्या लिगोवस्कीने 1880 साली काढल्या त्या मात्र भाजलेल्या मातीच्या. त्याआधी काचेचे गोळे, आणि त्याही आधी जिवंत कबुतरं. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकलासुद्धा मारली."

"शिव शिव!"

"तुकडे मात्र वेचायचे हं. डुकरांनी खाल्ले तर विषबाधा होते. कुंपणापलीकडचा डुकरं पाळतो, तो डोळ्यांत तेल घालून बघत असतो."

"शेजारी म्हटला की तसाच."

"त्यावरून एक ऐक. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲन्डोव्हर म्हणून गाव आहे. तिथे चार्ल्स डेव्हिस आणि मंडळी 1920 च्या सुमारास गोल रिंगणात फिरत नेमबाजी करायची. पुढे शेजाऱ्याने कोंबड्या पाळल्या. तिकडे छर्रे उडवून चालेना, म्हणून अर्धं रिंगणच काढून टाकलं. तेच आजचं स्कीट. ऑलिम्पिकमध्ये आहे."

"म्हणजे कोंबड्यांनी खेळ घडवला म्हणा की! मग आमच्या कोंबड्या तुमच्या अळूत शिरल्या तर एवढा आरडाओरडा का हो करता?"