दोन टक्के कुणाचे?

1965 च्या नगरपरिषद कायद्याची स्मरणशक्ती जबरदस्त. घरपट्टी थकली की दरमहा 2 टक्के शास्ती. वर्षाला 24. एवढं व्याज आकारणाऱ्याला आपल्याकडे सावकार म्हणतात, पेण आणि रोह्यात मात्र त्याला करविभाग म्हणायची पद्धत आहे. पेणचा मूर्तिकार असो की धाटावच्या कारखान्यात पाळीला जाणारा रोहेकर, बिल विसरलो ही सबब मार्चमधल्या वसुली पथकापुढे चालत नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ झाला. पेण-रोह्याला ती हवा अजून पोचलेली नाही.

घ्यायचं ते असं जुन्या तारखेपासून. द्यायचं झालं की कॅलेंडर बदलतं.

ग्रामीण घरकुल योजना 2016 ची, लाभार्थी शोधले 2011 च्या यादीतून, आणि अनुदान ठरलं सपाट भागात 1 लाख 20 हजार. पुढे राज्याला महागाई दिसली ती थेट 2025 मध्ये. 50 हजार वाढवले, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी. पण ही वाढ योजनेच्या दुसऱ्या टप्प्याला. पहिल्या टप्प्यात ज्यांनी उसनवारी करून स्लॅब ओतला, त्यांनी मागचा फरक मागायचा नाही. सिमेंटवाल्याने त्यांना 2011 चा भाव लावला असेल, असं मंत्रालयात कुणाला तरी वाटत असावं.

कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी पीएम-जनमन योजना आली, 15 नोव्हेंबर 2023 ला. घराला 2 लाख, तेही हप्त्यांनी. पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. इकडे दिवाळी सरली की पेण-रोह्याच्या वाड्या ओस पडतात. माणसं बायकापोरांसह वीटभट्टीवर. दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडणाऱ्याने स्वतःच्या पायाचा फोटो काढायला थांबायचं, तर त्या महिन्यात खायचं काय?

हा हात आखडण्याचा गुण केवळ आपल्या सरकारचा नाही. ब्रिटनमध्ये घरभाड्याची मदत उशिरा मागितली तर कमावत्या वयाच्या माणसाला सबळ कारण दाखवून मागचा एकच महिना मिळतो. 2016 आधी सहा मिळायचे. पण निदान उशिरा आलेल्याचाही हक्क असतो, हे तिथे नियमात लिहिलंय. आपल्याकडेही प्राप्तिकराचा परतावा रखडला तर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देतं. म्हणजे तत्त्व मान्य आहे, फक्त ते विवरणपत्र भरणाऱ्यांपुरतं. घरकुलाचा हप्ता रखडला तर पंचायत समितीच्या खिडकीवर मिळतं ते एकच वाक्य: "वरून निधी आला नाही."

घरपट्टी भरणाऱ्यालाही वरून निधी येत नाही, साहेब.

तेव्हा हिशेब सरळ करू. हप्ता ज्या महिन्यात रखडला, त्या महिन्यापासून 2 टक्के, थेट लाभार्थ्याच्या खात्यात. सरकारला हे जड जात असेल तर आम्ही निर्दयी नाही. सरकारसाठीही एक अभय योजना काढू: सगळे थकलेले हप्ते 31 मार्चच्या आत एकरकमी भरा, शास्ती माफ.